चौकटीचं गणित आणि डोळ्याचा कौल

फ्लेक्सच्या दुकानात वीस फुटी कमानीचं डिझाइन संगणकावर अनेकदा एक दशांश मापात करतात. अशा फाइलमध्ये अर्धा मिलिमीटर सरकलेलं अक्षर छापून आल्यावर पाच मिलिमीटर सरकलेलं असतं. व्हेक्टर चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच गुणापायी त्यातली चूकही तितक्याच स्वच्छ कडांनी मोठी होते. फोटोत ती धूसरपणात खपून गेली असती; इथे तिला लपायला जागा मिळत नाही.

याचं कारण चित्र साठवण्याच्या पद्धतीत आहे. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचं जाळं. व्हेक्टर फाइलमध्ये मात्र आकड्यांत लिहिलेली वर्णनं असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, या केंद्राभोवती इतक्या त्रिज्येचं वर्तुळ, आतला रंग हा, कडेची जाडी ती. एसव्हीजी हा फाइलप्रकार तर चक्क मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. सगळा कारभार आकड्यांचाच असेल, तर दोन वस्तू ‘जवळपास’ एका रेषेत ठेवण्याची काही गरज नाही. तरीही असंख्य पत्रिका, फलक आणि बोधचिन्हं अशी जवळपासवरच सुटतात, कारण वस्तू माउसने ओढून ‘बसली वाटतं’ म्हणून सोडून दिलेली असते.

वस्तू नेमक्या रेषेत आणणारी अलाइनची बटणं सगळ्यांना सापडतात. गोंधळ होतो तो बटण दाबल्यावर भलतंच काही घडलं की. तो टाळायचा तर बटणाआधी तीन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत. वस्तूचा कोणता भाग जुळवायचा? कशाशी जुळवायचा? आणि अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं? या प्रकरणात या तीन प्रश्नांचाच माग काढू, आणि ही तिन्ही उत्तरं बरोबर येऊनही चित्र कधी कधी चुकीचं का दिसतं तेही पाहू.

आधी ओबडधोबड, मग अचूक

संगणकावर नेमकी आकृती काढण्याचा इतिहास थेट १९६३ सालापर्यंत जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड पीएच.डी. करत होते. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर त्यांनी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली उभी केली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवायची आणि थेट रेषा ओढायची, अशी तिची रीत होती. त्या काळात संगणकाशी बोलायचं म्हणजे पंचकार्डं आणि छापील आकडे, हे लक्षात घेतलं की यातलं धाडस कळतं.

पण स्केचपॅडचं खरं मोठेपण लेखणीत नव्हतं. हाताने ओढलेली रेषा वेडीवाकडी येणार, हे सदरलँड यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून त्यांनी संगणकाला अटी घालण्याची सोय केली: या दोन रेषा समांतर कर, या काटकोनात आण, या बाजू सारख्या लांबीच्या कर. नियमित षटकोन काढायचा तर आधी कशीही सहा बाजूंची आकृती काढायची, तिचे कोपरे एका वर्तुळावर बसवायचे आणि सगळ्या बाजू सारख्या करायला सांगायचं. पुढचं गणित यंत्र करत असे. या कामाची दखल पुढे १९८८ च्या ट्युरिंग पुरस्काराने घेतली.

आजचं अलाइनचं बटण त्याच विचाराचं वंशज आहे. हाताने अंदाजे मांडायचं आणि नेमकेपणाची जबाबदारी अटीवर सोपवायची. फरक इतकाच, की स्केचपॅडमध्ये घातलेली अट टिकून राहायची. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं अलाइन हा एकदाच दिलेला हुकूम असतो. वस्तू जागेवर जाते आणि सॉफ्टवेअर तो हुकूम विसरतं. नंतर एक वस्तू हलवली तर दुसरी तिच्यामागे येत नाही. म्हणून मापं किंवा मजकूर बदलला की अलाइन पुन्हा करावं लागतं. हे न केल्यामुळे शेवटच्या दुरुस्तीनंतर बिघडलेली डिझाइनं पुष्कळ दिसतात.

वस्तूभोवतीची अदृश्य चौकट

आता पहिला प्रश्न: कोणता भाग जुळवायचा? सॉफ्टवेअरचं याला एकच ठरलेलं उत्तर आहे. वर्तुळ असो, मोर असो की गणपती, त्याला वस्तूचा आकार दिसत नाही. वस्तू जेमतेम मावेल असा आडवा-उभा आयत ते मनातल्या मनात काढतं. त्याला बाउंडिंग बॉक्स म्हणतात. आपण चौकट म्हणू. ‘लेफ्ट अलाइन’ म्हणजे चौकटींच्या डाव्या कडा एका रेषेत आणणं. ‘सेंटर’ म्हणजे चौकटींचे मध्य एकावर एक बसवणं. अलाइनबाबतच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या चौकटीत सापडतं.

पहिली भानगड कडेच्या जाडीची. २० मिमीचा चौरस काढला आणि त्याला २ मिमी जाडीची आउटलाइन दिली, तर ती आउटलाइन मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना १-१ मिमी पसरते. मग चौरसाचं माप २० की २२? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मूळ रेषेची चौकट २० ची, आणि डोळ्याला दिसणारी २२ ची. इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये यातली कोणती चौकट धरायची ते ठरवता येतं: ‘व्हिज्युअल’ की ‘जिऑमेट्रिक’. इलस्ट्रेटरमध्ये ‘यूज प्रिव्ह्यू बाउंड्स’ हा पर्याय निवडला की दिसणारी चौकट धरली जाते. जाड आउटलाइनचा चौकोन आणि बिनआउटलाइनचा फोटो डावीकडे जुळवल्यावर चौकोन किंचित बाहेर डोकावत असेल, तर दोष या निवडीचा असतो.

दुसरी भानगड मराठी अक्षरांची, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. पत्रिकेवर ‘राम’ आणि ‘मीना’ ही दोन नावं शेजारी ठेवायची आहेत असं समजू. फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसेल या भीतीने डीटीपीवाले मजकुराचे कर्व्ह करून ठेवतात. कर्व्ह केले की अक्षर ही एक साधी आकृती होते आणि तिची चौकट शाईच्या टोकापासून टोकापर्यंत मोजली जाते. ‘राम’ची चौकट शिरोरेषेपाशी संपते, ‘मीना’ची वेलांटीच्या वळणापर्यंत वर जाते. वरच्या कडा जुळवल्या तर ‘मीना’ची शिरोरेषा ‘राम’च्या खाली उतरते. खालच्या कडा जुळवाव्यात, तर ‘कुसुम’सारख्या नावातला उकार आडवा येतो आणि सबंध नाव वर ढकलतो. मध्यावर जुळवलं तरी सुटका नाही, कारण मात्रा, वेलांटी, रफार आणि उकार चौकटीचा मध्यच हलवतात.

देवनागरीत डोळा शिरोरेषेला धरून चालतो. म्हणून शब्द जुळवायचे ते शिरोरेषेवर किंवा अक्षरांच्या पायरेषेवर, चौकटीवर कधीच नाही. यासाठी तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे शक्य तिथे दोन्ही शब्द एकाच मजकुराच्या ओळीत ठेवणं. मग फॉन्ट स्वतःच त्यांना जुळवतो. दुसरा, कर्व्ह करण्याआधी, मजकूर मजकूरच असताना पायरेषा जुळवणं; इंकस्केपमध्ये त्यासाठी वेगळी बटणं आहेत. तिसरा, कर्व्ह आधीच झाले असतील तर शिरोरेषेच्या वरच्या कडेवर एक आडवी गाइडलाइन ठेवून प्रत्येक शब्दाची शिरोरेषा तिला चिकटवणं.

तिसरी भानगड न दिसणाऱ्या वस्तूंची. मास्कच्या आत लपलेला फोटोचा उरलेला भाग, पांढऱ्यावर पांढरा चौकोन, कोपऱ्यात राहून गेलेला एकटा नोड, सावलीचा पसारा, असं काहीही ग्रुपमध्ये असलं तर चौकट फुगू शकते. ग्रुप मध्यावर आणल्यावर तो बाजूला गेल्यासारखा दिसला, की आधी आउटलाइन व्ह्यू चालू करून आत कोण लपलंय ते पाहावं.

कुणी हलायचं, कुणी थांबायचं

दुसरा प्रश्न: कशाशी जुळवायचं? पाच वस्तू निवडून डावीकडे जुळवायला सांगितलं, तर त्यांतली कोणती जागेवर राहणार आणि कोणत्या सरकणार? गवंडी आधी दोन टोकांना दोरी बांधतो आणि मग विटा रचतो. दोरीच हलत असेल तर भिंत सरळ येण्याची आशा नको. इथेही आधी दोरी कोणती ते ठरवावं लागतं, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी आहे.

कोरलड्रॉमध्ये शिफ्ट धरून एकेक वस्तू निवडत गेलात तर सर्वांत शेवटी निवडलेली वस्तू थांबते आणि बाकीच्या तिच्याकडे येतात. मग कीबोर्डवर एल दाबलं की डावीकडे, आर दाबलं की उजवीकडे, टी ने वर, बी ने खाली. सी आणि ई दोन्ही दाबले की मध्यावर मध्य बसतो, आणि पी दाबलं की निवडलेलं सारं पानाच्या मध्यावर जातं. इलस्ट्रेटरमध्ये सगळं निवडून झाल्यावर हव्या त्या वस्तूवर आणखी एकदा नुसतं क्लिक करायचं. तिच्याभोवती जाड रेघ येते आणि ती ‘की ऑब्जेक्ट’ ठरते. इंकस्केपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबून अलाइनची खिडकी उघडते. तिथे आधार म्हणून शेवटी निवडलेली, पहिली निवडलेली, सर्वांत मोठी किंवा सर्वांत छोटी वस्तू घेता येते. नाहीतर पान, संपूर्ण चित्र किंवा निवडलेल्या वस्तूंचं एकत्रित क्षेत्र.

सवय अशी लावावी की जी वस्तू मुळीच हलता कामा नये तिलाच आधार करायचं. पानभर पसरलेली बॉर्डर, छापखान्याने ठरवून दिलेली कटिंगची चौकट, ग्राहकाने मंजूर केलेलं बोधचिन्ह, असे नैसर्गिक आधार बहुतेक कामांत असतातच. माउसने घेर टाकून एकदम दहा वस्तू निवडल्या तर त्यांतली शेवटची कोणती हे आपल्याला ठाऊक नसतं. अशा वेळी पान किंवा सर्वांत मोठी वस्तू हा आधार बरा.

ग्रुपचा विचारही इथेच करायचा. चित्र आणि त्याखालची ओळ यांचा आधी ग्रुप केला तर दोघांची मिळून एक चौकट धरली जाते आणि त्यांच्यातलं आपसातलं अंतर शाबूत राहतं. ग्रुप न करता सगळं निवडून मध्यावर आणलं, तर मजकूर, चित्र आणि चौकट एकमेकांवर चढून ढीग होतो. नवख्यांच्या हातून हे हमखास होतं.

अंतर कुठून कुठपर्यंत

तिसरा प्रश्न समान अंतराचा. याला ‘डिस्ट्रिब्यूट’ म्हणतात आणि त्यात दोन अगदी वेगळी कामं दडलेली आहेत. एक, वस्तूंचे मध्यबिंदू सारख्या अंतरावर आणणं. दुसरं, वस्तूंमधल्या रिकाम्या फटी सारख्या करणं. वस्तू एकाच मापाच्या असतील तर दोन्हींचा निकाल एकच. मापं वेगळी झाली की वाटा फुटतात.

२०, ४० आणि ६० मिमी रुंदीचे तीन फोटो १८० मिमीच्या पट्ट्यात टोकाला टोक लावून मांडायचे आहेत असं समजू. पहिल्याचा मध्य डावीकडून १० मिमीवर आणि शेवटच्याचा १५० मिमीवर येतो. मध्यबिंदू सारख्या अंतरावर हवे असतील तर मधल्याचा मध्य ८० वर जाईल. म्हणजे मधला फोटो ६० पासून १०० पर्यंत असेल. डावीकडची फट ४० मिमी आणि उजवीकडची २० मिमी! सॉफ्टवेअरने काम चोख केलं, पण पाहणारा म्हणणार की मधला फोटो उजवीकडे सरकलाय. फटी सारख्या करायला सांगितल्या असत्या तर १८० मधून १२० वजा जाऊन उरलेले ६० मिमी दोन फटींत वाटले गेले असते: ३० आणि ३०. म्हणून मेन्यूतली नावं, फोटो, बोधचिन्हं यांची मापं वेगवेगळी असतात तिथे फटी मोजाव्यात. घड्याळाचे आकडे, तक्त्यातले ठिपके किंवा नकाशावरच्या खुणा यांच्यात मध्यबिंदू मोजावेत, कारण तिथे खुणेची जागाच अर्थ सांगत असते.

समान अंतराच्या हिशोबात एक जुनी फसगत ठाण मांडून बसलेली आहे. वस्तू आणि फटी यांची संख्या सारखी नसते. टोकाला टोक लावून मांडलेल्या दहा वस्तूंमध्ये फटी नऊ असतात. दोन्ही बाजूंना समासही सोडला तर त्या अकरा होतात. ए-४ कागदावर ९० मिमी रुंद आणि ५४ मिमी उंच अशी दहा व्हिजिटिंग कार्डं बसवायची आहेत. कागद २१० बाय २९७ मिमीचा. आडवी दोन कार्डं १८० मिमी घेतात, उरले ३०. समास धरून फटी तीन, म्हणून प्रत्येकी १० मिमी. उभी पाच कार्डं २७० मिमी घेतात, उरले २७. फटी सहा, म्हणून प्रत्येकी ४.५ मिमी. हा हिशोब आधी कागदावर केला की पहिलं कार्ड डावीकडून १० आणि वरून ४.५ मिमीवर ठेवायचं, शेवटचं समोरच्या कोपऱ्यात तसंच ठेवायचं आणि मधली डिस्ट्रिब्यूटवर सोपवायची.

टोकं आधी पक्की करण्यामागे आणखी एक कारण आहे. १०० मिमीच्या पट्टीवर सारख्या अंतरावर १३ खुणा हव्यात, म्हणजे १२ फटी, प्रत्येकी ८.३३३… मिमी. कुणी ८.३ धरून एकेक खूण पुढे टाकत गेला तर शेवटची ९९.६ वर पडेल. प्रत्येक पावलाची बारीक चूक पुढच्या पावलात मिसळत जाते. पहिली खूण ० वर, शेवटची १०० वर, आणि मधल्या अकरा डिस्ट्रिब्यूटने मांडल्या तर चूक साठायला वावच राहत नाही.

सरावासाठी तिरंगा

आतापर्यंतचं सगळं एकाच चित्रात वापरून पाहायचं तर आपल्या राष्ट्रध्वजासारखं उदाहरण नाही. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तो स्वीकारला. २००२ च्या ध्वजसंहितेत त्याची प्रमाणं दिलेली आहेत: लांबी आणि उंची ३ : २, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध निळं अशोकचक्र, त्यात समान अंतरावर २४ आरे. ध्वजाची नऊ प्रमाण मापंही ठरलेली आहेत, सर्वांत मोठं ६३०० बाय ४२०० मिमी आणि सर्वांत छोटं १५० बाय १०० मिमी.

९०० बाय ६०० मिमीच्या ध्वजात पट्टा २०० मिमीचा आणि चक्र १८५ मिमी व्यासाचं असतं. म्हणजे चक्राच्या वर आणि खाली ७.५-७.५ मिमी पांढरं उरतं. आता चक्राचं कडं काढताना १८५ मिमीचं वर्तुळ घेतलं आणि त्याला, उदाहरणार्थ, ८ मिमीची आउटलाइन दिली, तर बाहेरून बाहेर व्यास १९३ होतो आणि पांढरी फट ३.५ मिमीवर येते. ‘कोणती चौकट’ हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही. बाहेरचा व्यास १८५ हवा असेल तर वर्तुळ १७७ चं काढावं लागेल.

छोट्या ध्वजात आणखी गंमत आहे. १०० मिमी उंचीचे तीन भाग केले की ३३.३३३… येतात. ३३.३ टाइप केलं तर तीन पट्ट्यांची बेरीज ९९.९ होते आणि कुठेतरी केसाएवढी फट राहते. इंकस्केप आणि इलस्ट्रेटरमध्ये मापाच्या रकान्यात १००/३ असं लिहिलं तरी चालतं. भागाकार सॉफ्टवेअर करतं. पण त्याहून चांगली युक्ती मांडणीतच आहे. आधी १५० बाय १०० चा पूर्ण पांढरा आयत काढायचा आणि त्यालाच आधार करायचा. केशरी पट्टा त्याच्या वरच्या कडेला जुळवायचा, हिरवा खालच्या कडेला. मधला पांढरा पट्टा काढावाच लागत नाही, तो आपोआप उरतो. रंगांच्या सांध्यावर पडद्यावर जी बारीक रेघ दिसते तीही खटकत नाही, कारण ती पांढरीच असते. शेवटी चक्र याच आयताच्या मध्यावर आणलं की झालं.

मोठा ध्वज काढून झाला, तो फक्त लहान करून छोटा मिळेल का? नाही. ९०० चं १५० करायचं म्हणजे सहापट लहान. त्या हिशोबाने चक्र ३०.८ मिमी होईल. प्रमाण मापांत मात्र या ध्वजासाठी २५ मिमीचं चक्र ठरलेलं आहे. २२५ बाय १५० च्या ध्वजातही पट्टा ५० मिमीचा आणि चक्र ४० चं. छोट्या मापांत चक्र पट्ट्याच्या तुलनेत लहान ठेवलेलं आहे. म्हणून चक्राचं माप वेगळं टाइप करायचं आणि ते पुन्हा मध्यावर जुळवायचं.

आता आरे. ३६० अंशांचे २४ भाग केले की १५ अंश. एकच आरा घेऊन फिरवला तर तो बहुधा स्वतःच्याच मध्याभोवती फिरेल, कारण सॉफ्टवेअर फिरण्याचं केंद्रही मुळात चौकटीच्या मध्यावर धरतं. केंद्र ओढून चक्राच्या मध्यावर नेता येतं. पण दुसरी वाट अधिक बिनचूक आहे. समोरासमोरच्या दोन आऱ्यांचा ग्रुप करायचा. त्याच्या चौकटीचा मध्य आणि चक्राचा मध्य अलाइनने एकावर एक बसवायचे. मग १५ अंशांनी फिरवलेल्या अकरा प्रती काढायच्या. बारा जोड्या, चोवीस आरे. इलस्ट्रेटरमध्ये पहिली फिरवलेली प्रत काढल्यावर कंट्रोल आणि डी दाबत राहिलं की पुढच्या येत जातात. कोरलड्रॉमध्ये त्याच कामाला कंट्रोल आणि आर.

चुंबक आणि मापपट्टी

अलाइनच्या बटणाखेरीज नेमकेपणाची आणखी दोन साधनं आहेत. एक स्नॅप. वस्तू ओढताना जवळच्या नोडला, कडेला, गाइडलाइनला किंवा ग्रिडला ती आपोआप चिकटते. या कल्पनेला नेटकं रूप दिलं ते एरिक बिअर आणि मॉरीन स्टोन या झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी. १९८६ मध्ये त्यांनी मांडलेल्या ‘स्नॅप-ड्रॅगिंग’मध्ये भूमितीच्या पेटीतल्या पट्टी आणि कंपासाचा विचार पडद्यावर आणला होता. स्नॅपची ओढ साधारणपणे पडद्यावरच्या अंतरावर ठरते. म्हणून पूर्ण पान पाहत असताना ओढलेली वस्तू शेजारच्या चुकीच्या नोडला चिकटू शकते. काम बारीक असेल तर आधी झूम करावं, मग ओढावं.

दुसरं साधन म्हणजे थेट आकडा टाइप करणं. इथे फसवतात ती एककं. १९५९ पासून एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. पोस्टस्क्रिप्टच्या घराण्यातला पॉइंट इंचाचा ७२ वा भाग, तर वेबवरचा पिक्सेल ९६ वा. इंकस्केपने २०१७ मध्ये ०.९२ या आवृत्तीत इंचाला ९० पिक्सेल हे जुनं प्रमाण सोडून ९६ स्वीकारलं. त्यामुळे जुन्या फाइलमधली १०० मिमीची वस्तू, दुरुस्ती न करता उघडली तर, ९३.७५ मिमीची होते. लेझर कटिंगला जाणाऱ्या फाइलमध्ये एवढी घट म्हणजे सांधे न बसणं. दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडली की ज्याचं माप ठाऊक आहे अशी एखादी वस्तू आधी मोजावी.

पडद्यासाठीच्या चिन्हांना एक जादा नियम लागतो. १ पिक्सेल जाडीची रेषा पूर्ण आकड्यावर ठेवली तर ती दोन पिक्सेलांवर अर्धी-अर्धी पसरते आणि राखाडी दिसते. तीच १०.५ सारख्या जागी ठेवली तर एका पिक्सेलमध्ये नेमकी बसते.

चौकट बरोबर, तरी डोळ्याला चूक

इथवर आकड्यांचं राज्य झालं. पण व्हिडिओच्या ‘प्ले’ बटणाचं चिन्ह काढून पाहा: वर्तुळात उजवीकडे टोक असलेला त्रिकोण. दोन्ही निवडून मध्यावर जुळवा. त्रिकोण डावीकडे कलल्यासारखा दिसेल. सॉफ्टवेअरने चौकटीचा मध्य धरला, म्हणजे त्रिकोणाच्या पायापासून उंचीच्या अर्ध्यावर. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मात्र पायापासून एक तृतीयांशावर असतो. फरक उंचीच्या एक षष्ठांश. टोकापर्यंतची लांबी ६० मिमी असेल, तर समभुज त्रिकोण १० मिमी उजवीकडे सरकवावा लागतो. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारं, रंग नसलेलं वर्तुळ काढून त्याच्यासह ग्रुप केला, की चौकट वर्तुळाची होते आणि मध्य बटणानेच जुळतो. पाच टोकांच्या ताऱ्यालाही हीच युक्ती लागते, कारण वरचं टोक उंच आणि खालची दोन टोकं त्या मानाने वर असल्याने चौकटीचा मध्य खऱ्या मध्यापेक्षा थोडा वर सरकतो.

वर्तुळ आणि चौरस सारख्याच उंचीचे काढले तर वर्तुळ लहान वाटतं. ते कडेला एकाच बिंदूत टेकतं. चौरस सबंध बाजूने टेकतो. अक्षररचनाकारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून रोमन लिपीतला ‘ओ’ ते पायरेषेच्या किंचित खाली आणि वरच्या रेषेच्या किंचित वर नेतात. आयकॉनच्या रांगेत गोल आणि चौकोनी चिन्हं एकत्र असतील तर गोल चिन्हांना थोडी सूट द्यावी लागते. फलकावरचा मजकूर नेमका मध्यावर ठेवला तर तो खाली उतरल्यासारखा वाटतो, म्हणून अनुभवी हात त्याला जरासा वर घेतो.

यावरून ‘मग सगळं डोळ्यानेच करावं’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. किती सरकवायचं हे कळायला मुळात सरळ आणि समान असा एक पाया हवा. ज्याचा पायाच अंदाजे आहे, त्याला आपली दुरुस्ती कुठे संपली आणि चूक कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही.

कामाचा क्रम

क्रम असा ठेवावा. आधी एकक आणि पानाचं माप तपासा. न हलणारा आधार ठरवा. ज्या वस्तू एकत्र राहायच्या त्यांचे ग्रुप करा. टोकाच्या वस्तू आकडे टाइप करून पक्क्या करा, मधल्या डिस्ट्रिब्यूटने मांडा. मराठी मजकूर शिरोरेषेवर जुळवा, आणि तेही कर्व्ह करण्याआधी. मग पन्नास टक्क्यांवर, चित्र आडवं उलटं करून, आणि शक्य असेल तर कागदावर खऱ्या मापात काढून पाहा. उलट्या चित्रात ओळखीचं काही उरत नाही, त्यामुळे झुकाव लगेच जाणवतो.

शेवटी डोळ्याच्या सांगण्यावरून जी वस्तू सरकवाल, ती किती सरकवली तो आकडा फाइलमध्येच एका कोपऱ्यात, न छापल्या जाणाऱ्या लेयरवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ग्राहक तेच चिन्ह वेगळ्या मापात मागेल, किंवा फाइल दुसऱ्याच्या हाती जाईल आणि तो निष्ठेने सेंटरचं बटण दाबून तुमची दुरुस्ती पुसून टाकेल. लिहिलेला आकडा असेल तर तसं होणार नाही.